ड्रोनचा सहावा हिस्सा, फ्लॅटचा चाळिसावा

घर, यंत्र, सोने, गोदामातले धान्य अशा खऱ्या वस्तूवरचा हक्क ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर एकसारखी राहणारी, मागून बदलायला अवघड अशी नोंदवही; पुढे हिलाच 'साखळी' म्हटले आहे) नोंदीत, म्हणजे टोकनमध्ये, बांधायचा आणि तो आपसांत वाटून घ्यायचा, या विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. पत्रे थोडी आखडली आहेत, मुद्दे तेच आहेत.

प्रश्न (वाळवा तालुका, सांगली) : आम्ही सहा ऊस उत्पादक मिळून दहा लिटर टाकीचा फवारणी ड्रोन घेत आहोत. ट्रॅक्टर सामाईक होता तेव्हा नंबरावरून फार भांडणे झाली. प्रत्येकाला टोकन देऊन पाळ्या ब्लॉकचेनवर लावता येतील का? नको असलेली पाळी दुसऱ्याला देता यावी, एवढीच अपेक्षा आहे.

येतील. पण ड्रोन कोणाचा, हा एक प्रश्न आहे आणि आज तो कोणी वापरायचा, हा दुसरा. पहिला कागदावर सोडवा, दुसरा टोकनवर. ही सरमिसळ हेच बहुतेक फसलेल्या टोकन योजनांचे मूळ असते.

ड्रोनला डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) यूआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, घ्यावा लागतो आणि तो एकाच्याच नावावर निघतो. तो सहापैकी एकाच्या नावावर काढलात तर कायद्याच्या नजरेत ड्रोन त्याचा. बाकी पाच जणांकडे टोकन असो वा नसो. म्हणून भागीदारी संस्था करा आणि बिल, यूआयएन, विमा सगळे संस्थेच्या नावावर घ्या. शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक लागतात, तुम्ही सहाच आहात. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोणत्या किमतीने परत घ्यायचा आणि उसाच्या शेंड्यात अडकून पाते मोडले तर खर्च कोणाचा, हे भागीदारीपत्रात आकड्यांसकट लिहा. ड्रोनला त्रयस्थ विमा बंधनकारक आहे. पुढेमागे गावात भाड्याने फवारणी करणार असाल तर पॉलिसीत तसा वापर लिहिलेला हवा.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ड्रोन उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागते. टोकन हातात आले म्हणून शेतकऱ्याला उडवता येत नाही. तेव्हा पाळी नुसत्या ड्रोनची ठेवून चालणार नाही, त्यात पायलटही धरावा लागेल. सहा जणांत प्रमाणपत्रधारक एकच असेल आणि तो लग्नाला गेला, तर त्या दिवसाची सगळी टोकने रद्दी.

आता पाळीचे माप. तास धरू नका. तुमच्या तासात वारा सुटला की फवारणी थांबते आणि तास जळतो. टाकी धरा : दहा लिटरची एक टाकी साधारण एका एकराला पुरते. दिवसाच्या दोनच पाळ्या ठेवा, सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते सूर्यास्त. मधल्या उन्हात आणि वाऱ्यात औषध पानावर बसण्याऐवजी शेजारच्याच्या भाजीवर जाते. प्रत्येक पाळीला टाक्यांची मर्यादा घाला. वाऱ्याने पाळी बुडाली तर गटाने नेमलेल्या तिघांपैकी दोघांनी सही केल्यावर ते टोकन रद्द होऊन रांगेच्या शेवटी नवे निघेल, असा नियम कोडमध्येच असू द्या. कालव्याचे पाळीपत्रक पाहिलेल्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

टोकनच्या मानकाबद्दल. भाड्याच्या वस्तूंसाठी इथेरियम या ब्लॉकचेनवर ईआरसी-४९०७ नावाचे मानक, म्हणजे टोकनच्या नियमांचा ठरलेला साचा, आहे. त्यात मालक आणि वापरणारा असे दोन वेगळे पत्ते (साखळीवरची खाती) असतात, आणि वापरणाऱ्याला मुदत असते. मुदत संपली की त्याचा हक्क आपोआप जातो, त्यासाठी वेगळा व्यवहार करावा लागत नाही. ऐकायला हे तुमच्यासाठीच बनवल्यासारखे वाटते, पण यात तीन खड्डे आहेत.

पहिला असा की यात मुदतीचा शेवट आहे, सुरुवात नाही. एका टोकनला एका वेळी एकच वापरणारा. म्हणजे 'पुढच्या मंगळवारची सकाळ' आजच राखून ठेवता येत नाही. अख्ख्या ड्रोनचे एक टोकन काढलेत की इथेच अडाल. त्याऐवजी प्रत्येक पाळीचे स्वतंत्र टोकन काढा. हंगामाचे साठ दिवस धरले तर एकशेवीस टोकने. दुसरा खड्डा : या मानकाच्या नमुना कोडमध्ये टोकनची मालकी बदलली की वापरणाऱ्याची नोंद पुसली जाते. समजा 'अ'ने आपली पाळी 'ब'ला वापरायला दिली आणि मग तेच टोकन 'क'ला विकले, तर 'ब' वाऱ्यावर. वापरायला दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत विकता येऊ नये, अशी अट वेगळी घालून घ्यावी लागते. तिसरा खड्डा अगदी साधा, आणि म्हणूनच नडतो. मुदत सेकंदांत आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने मोजतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे. संध्याकाळी सहाची मुदत कोणी तशीच १८:०० यूटीसी लिहिली तर पाळी आपल्याकडे रात्री साडेअकराला संपेल. बरोबर नोंद १२:३० यूटीसी.

पैसे मात्र टोकनवर नेऊ नका. डिझेल, जनरेटर, पायलटचा मेहनताना यूपीआयने द्या. झिजेचा हिशोब टाकीमागे लावा. समजा बॅटरी संच ६०,००० रुपयांचा आणि तो ३०० चार्ज टिकणार असेल, तर चार्जमागे २०० रुपये बॅटरी निधीत. हे पहिल्या दिवसापासून कापले नाही तर दुसऱ्या हंगामात संच बसतो आणि सहाही जण एकमेकांकडे बघतात.

पाळी संपताना बॅटरीचा चार्ज-आकडा, पाती आणि नोझल यांचा फोटो काढून त्याचा हॅश, म्हणजे फोटोपासून निघणारा आकडी ठसा, साखळीवर टाकण्याची पद्धत चांगली आहे. पण त्याची ताकद ओळखून असा. फोटो नंतर बदलला नाही, एवढेच हॅश सांगतो. नोझल तुंबलेले असताना कोणी कालचाच फोटो टाकला, तर तेही तितक्याच इमानाने कायमचे नोंदले जाईल.

आणि खरे सांगायचे तर सहा जणांना, रोज पारावर भेटणाऱ्यांना, एक वही किंवा सामाईक गूगल शीट पुरते. चार गावांतले साठ सभासद, एकमेकांना न ओळखणारे, आणि पाळ्यांची देवघेव रोजची, अशी वेळ आली की साखळी कामाची वाटू लागते. तोवर भागीदारीपत्र आणि टाकीचे माप, एवढे दोनच उपाय करा. तुमची निम्मी भांडणे त्यातच मिटतील.

प्रश्न (नाशिक) : टोकनचा असा कोड कोणाकडून लिहून घ्यावा? एका मुलाने पंधरा दिवसांत करून देतो म्हटले आहे.

पंधरा दिवसांत होईलही. त्याला एवढेच विचारा की मूळ भाग ओपनझेपेलिनच्या तपासलेल्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातून, घेणार का स्वतः लिहिणार. 'स्वतः' असे उत्तर आले तर चहा पाजून निरोप द्या.

वस्तू वाटून वापरण्याचा हा विचार नवा नाही. स्लॉक-इट या जर्मन कंपनीने २०१५ मध्येच ब्लॉकचेनवर उघडणारी कुलुपे दाखवली होती : भाडे भरा, दार उघडेल. त्याच मंडळींच्या कोडवर 'द डाओ' हा सामाईक निधी उभा राहिला आणि जून २०१६ मध्ये त्यातून सुमारे ३६ लाख ईथर (इथेरियमची नाणी) काढून नेले गेले. चूक एका क्रमाची होती. करार, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा कोड, पैसे आधी पाठवत होता आणि शिल्लक नंतर कमी करत होता. मधल्या वेळात चोराच्या कराराने पुन्हा पुन्हा मागणी केली आणि दर वेळी शिल्लक जुनीच दिसली. २० जुलै २०१६ ला अख्ख्या इथेरियमची साखळी दुभंगून ते पैसे परत फिरवले गेले. नाशिकच्या एका करारासाठी कोणी असे करणार नाही.

म्हणून एक संपूर्ण हंगाम चाचणीच्या साखळीवर चालवा. तिथली नाणी फुकट असतात. खऱ्या साखळीवर जाताना मुख्य इथेरियमऐवजी पॉलिगॉनसारखी स्वस्त साखळी घ्या, तिथे व्यवहार सहसा रुपया-दोन रुपयांच्या आत होतो. हे शुल्क प्रत्येक सभासदाने भरायचे म्हटले तर प्रत्येकाला क्रिप्टोचे खाते उघडावे लागेल, आणि तिथेच योजना मरते. ते गटाच्या एकाच वॉलेटमधून, म्हणजे नाणी-टोकने ठेवायच्या डिजिटल पाकिटातून, भरले जाईल अशी सोय मागा. करार थांबवण्याचे बटण हवेच, आणि ते एकाच्या हाती नको. तिघांपैकी दोघांच्या सहीचे वॉलेट ठेवा.

प्रश्न (पुणे) : आम्ही चाळीस नातेवाईक प्रत्येकी दोन लाख घालून ८० लाखांचा फ्लॅट घेणार आहोत, भाडे वाटून घ्यायचे. एक कंपनी म्हणते की फ्लॅटची चाळीस टोकने काढून देतो. टोकन विकले की हिस्सा विकला गेला, रजिस्ट्रेशनची कटकट नाही. हे खरे आहे का?

नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालापासून हेच सांगतो. दुय्यम निबंधकाकडचा दस्त, सूची क्रमांक दोन आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर नाव, यांपैकी काहीच टोकन बदलल्याने बदलत नाही. 'कटकट नाही' म्हणणारा तुम्हाला फक्त कटकट पुढे ढकलून देतो आहे.

चालणारा रस्ता असा : खासगी कंपनी काढा, फ्लॅट कंपनीच्या नावावर नोंदवा आणि तुम्ही चाळीस जण भागधारक व्हा. मग फ्लॅटवर मुद्रांक शुल्क एकदाच, खरेदीच्या वेळी. पुढे कोणी शेअर विकला तर त्यावर ०.०१५ टक्के, म्हणजे दोन लाखांवर तीस रुपये. हवे असेल तर शेअरची प्रतिमा म्हणून टोकन काढा, पण कंपनीच्या नियमावलीत स्पष्ट लिहा की सभासद नोंदवहीत नोंद होईल तेव्हाच हस्तांतरण झाले, आणि दोन्हींत फरक पडला तर नोंदवही खरी. यासाठी ईआरसी-३६४३ हे मानक बरे. त्यात ओळख तपासलेल्या वॉलेटमध्येच टोकन जाते, शेजाऱ्याच्या मेव्हण्याच्या वॉलेटमध्ये नाही.

याची किंमत असते. दरवर्षी लेखापरीक्षण, कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रे, भाड्यावर आधी कंपनीचा कर आणि मग लाभांशावर तुमचा. ८० लाखांच्या फ्लॅटचे भाडे या खर्चात किती उरते, हे सीएकडून मांडून घ्या. आमच्या मते फारसे उरत नाही.

चाळिसांचे चारशे करण्याचा मोह झाला तर थांबा. खासगी कंपनीचे सभासद दोनशेपर्यंत, आणि आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त लोकांपुढे शेअर मांडले की तो सार्वजनिक प्रस्ताव समजला जातो. लोकांचे पैसे गोळा करून, व्यवस्थापन स्वतःकडे ठेवून नफा वाटणे ही सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि तिला सेबीची नोंदणी लागते. सागवानाची रोपे दाखवून पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या आठवत असतील. १९९९ ची नियमावली त्यांच्यामुळेच आली. टोकन म्हटल्याने सुटका होत नाही.

ज्यांना नुसते भाड्याचे उत्पन्न हवे आहे त्यांच्यासाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या रिटची (अनेकांच्या पैशांतून भाड्याच्या इमारती घेऊन उत्पन्न वाटणारा न्यास) चौकट आणली : ५० ते ५०० कोटींची मालमत्ता, किमान दोनशे युनिटधारक, किमान गुंतवणूक दहा लाख. बंगळुरूच्या कार्यालयीन इमारतीवरचा प्रॉपशेअर प्लॅटिना हा अशा पद्धतीचा पहिला इश्यू डिसेंबर २०२४ मध्ये आला, ३५३ कोटींचा. दहा लाख जास्त वाटत असतील तर मोठ्या रिटचे एक युनिटही शेअर बाजारात मिळते. ते डीमॅटमध्ये येते, आणि हिस्सा वाटून संगणकात ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडे १९९६ पासून आहे.

शेतजमिनीच्या टोकनबद्दलही दोन पत्रे होती. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, वर तुकडेबंदी. सातबारावर चढणार नाही असा हिस्सा विकत घेऊ नका.

प्रश्न (दुबई) : इथे सरकारच घरांची टोकने विकते आहे. मी पंधरा वर्षे इथे आहे, दोन-तीन वर्षांत कोल्हापूरला परतणार. घ्यावीत का?

पुण्याच्या उत्तरातली मुख्य अडचण दुबईत नाही, म्हणून तुमचा प्रश्न वेगळा आहे. मे २०२५ मध्ये दुबई भूमी विभागाने प्रिप्को मिंट या मंचावर प्रायोगिक योजना सुरू केली. मिळकतीची नोंद ठेवणारे खाते स्वतःच टोकनच्या मागे उभे आहे; हक्काची नोंद एक्सआरपी लेजर या ब्लॉकचेनवर जाते आणि ती भूमी विभागाच्या दफ्तराशी जोडलेली असते. किमान रक्कम २,००० दिरहॅम, प्रयोगाच्या टप्प्यात फक्त एमिरेट्स आयडी (तिथले ओळखपत्र) असणाऱ्यांसाठी. पहिल्या फ्लॅटला ४४ राष्ट्रीयत्वांचे २२४ गुंतवणूकदार मिळाले, सरासरी १०,७१४ दिरहॅम.

मालकीचा पाया पक्का आहे. पैसा मोकळा होईल का, हा खरा प्रश्न. तुमचा हिस्सा कोणत्या किमतीला, कोणाला आणि किती दिवसांत विकता येईल, शुल्क किती, आणि एमिरेट्स आयडीची मुदत संपल्यावर खात्याचे काय होते, हे मंचाकडून लेखी घ्या. परत येणाऱ्याला शेवटचा प्रश्न सगळ्यात जवळचा. भारतात परतल्यावर अनिवासी असताना घेतलेली परदेशी मालमत्ता ठेवायला फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, आडकाठी नाही, पण पूर्ण निवासी झालात की विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवावी लागते. न दाखवल्याचा दंड त्या टोकनांच्या किमतीपेक्षा जड जाऊ शकतो.

प्रश्न (लंडन) : पन्नास-साठ डॉलरला डेट्रॉइटमधल्या घराचा तुकडा आणि दर आठवड्याला भाडे, अशी योजना मित्राने घेतली आहे.

ही बहुधा रिअल-टी कंपनीची टोकने. रचना पाहण्यासारखी आहे : प्रत्येक घरासाठी वेगळी एलएलसी (अमेरिकेतली मर्यादित दायित्वाची कंपनी), घर तिच्या नावावर, टोकन म्हणजे एलएलसीतला हिस्सा. भाडे डॉलरशी जोडलेल्या नाण्यात थेट वॉलेटमध्ये येते. तांत्रिक बाजू चालली. बिघाड घरात झाला. जुलै २०२५ मध्ये डेट्रॉइट शहराने कंपनी आणि तिच्याशी जोडलेल्या एलएलसींवर ४०० हून अधिक मालमत्तांबाबत दावा लावला. देखभालीचे नियम मोडले, भाड्याने देण्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे नाहीत, असे शहराचे म्हणणे.

हजार मालक असलेल्या घराचे छत गळले तर हजारांपैकी कोणी शिडी लावत नाही. मित्राला विचारायला सांगा : दुरुस्तीसाठी भाड्यातून किती टक्के बाजूला ठेवतात, शहराचा कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे, आणि त्या पत्त्याचे प्रमाणपत्र दाखवता का. घराचा पत्ता टोकनवरच असतो, त्यामुळे कराची थकबाकी स्थानिक सरकारी नोंदीतही पडताळता येते.

प्रश्न (लातूर) : सोयाबीनचा भाव पडला आहे, माल गोदामात ठेवायचा आहे. त्याचे टोकन काढून कर्ज मिळेल का?

मिळेल, आणि ब्लॉकचेनचे नावही न घेता. वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी असलेले गोदाम शोधा. नुसते 'सरकारमान्य' नको, नोंदणी क्रमांक पाहा. तिथे वजन आणि प्रत तपासून इलेक्ट्रॉनिक परक्राम्य (दुसऱ्याच्या नावावर करता येणारी) वखार पावती निघते. तिच्यावर प्रत, वजन आणि मुदत असते, आणि ती एनईआरएल किंवा सीसीआरएल या दोनपैकी एका भांडारात नोंदली जाते. बँक कर्ज देताना त्या नोंदीवर बोजा चढवते. त्यामुळे एकाच मालावर दोन बँकांतून कर्ज उचलणे जमत नाही. टोकनवाले हाच फायदा सांगतात.

नेहमी चुकते ते ओलाव्यात. बारा टक्क्यांच्या वरचा माल घाईने नेला की प्रत घसरते, किंवा माल परत येतो आणि हमालीचा भुर्दंड बसतो. दोन उन्हे जास्त द्या. पावतीची मुदतही लिहून ठेवा, कारण मुदतीनंतर माल पडून राहिला तर तो विकून भाडे वसूल करण्याचा हक्क गोदामाला असतो.

प्रश्न (ठाणे) : टोकन असलेला फोन हरवला तर हिस्सा गेला का? आणि विकून नफा झाला तर कर किती?

कराचे आधी. आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टो-टोकनच्या, नफ्यावर ३० टक्के, वर अधिभार-उपकर. खरेदी किमतीशिवाय कोणता खर्च वजा होत नाही, तोटा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीत १ टक्का टीडीएस. जून २०२२ च्या अधिसूचनेने एक पळवाट नव्हे, वाट ठेवली आहे : ज्या एनएफटीच्या (एकमेव, दुसऱ्यासारखे नसलेले टोकन) हस्तांतरणाने मागच्या मूर्त वस्तूची मालकीही कायदेशीररीत्या बदलते, ते यातून वगळले आहे. तुमचे टोकन त्यात बसते की नाही, हे कागद दाखवून सीएलाच ठरवू द्या.

फोनचे उत्तर किल्ली, म्हणजे टोकन हलवण्याचा गुप्त संकेत, कोणाकडे होती यावर आहे. मंचाच्या खात्यात टोकन असेल तर ओळख पटवून नवा पासवर्ड मिळतो. वॉलेट तुमचे स्वतःचे असेल तर सुरुवातीला दिलेले बारा शब्द नव्या फोनमध्ये त्याच क्रमाने टाका. शब्द नाहीत तर वॉलेट गेले. ते कागदावर दोन प्रती करून दोन ठिकाणी ठेवतात. फोटो काढू नका, कारण गॅलरी न विचारता क्लाउडवर जाते. ईआरसी-३६४३ सारख्या टोकनमध्ये मात्र काढणारी संस्था ओळख पटवून जुन्या पत्त्यावरचे टोकन नव्या पत्त्यावर आणू शकते. ही सोय चालू आहे का, ते घेतानाच विचारा.

आणि टोकनच्या मागे कंपनीचे शेअर असतील, पुण्याच्या नातेवाइकांसारखे, तर वारसासाठी कंपनीकडे एसएच-१३ हा नामनिर्देशनाचा अर्ज भरून द्या. ॲपमध्ये 'नॉमिनी' नावाचा रकाना असतो, तो भरला म्हणजे हे झाले असे नाही.